केबिन दोघींची

पुण्यात राहून मी समुद्राचा अभ्यास करते म्हटलं की बिबवेवाडीतली माझी शेजारीण विचारते, "अहो, पण समुद्र आहे कुठे?" तो आमच्याकडे बाटल्यांतून येतो. जहाजावरून जाळी टाकून पकडलेले बारीक जीव स्पिरिटात बुडवून पाठवतात आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखत बसते. अकरा वर्षं हेच केलं, पण जहाजावर पाऊल टाकलं नव्हतं. यंदा यादीत माझं नाव आलं. त्याखाली प्रयोगशाळेत नुकत्याच लागलेल्या मुलीचंही.

ते मला खटकलं. मला अकरा वर्षं आणि हिला चार महिने? मी तिच्यावर नजर ठेवू लागले. मी जेवून परतले की ही माझ्या कपाटाशी, घाईघाईने झाकण लावताना.

"काही नाही मॅडम, बाटल्या घट्ट आहेत का बघत होते."

पुण्यात विनाकारण दुसऱ्याच्या बाटल्या कुणी घट्ट करत नाही.

एका सोमवारी माझ्या सहा बाटल्यांवरची लेबलं कोरी दिसली. नमुना कुठला, किती खोलीवरचा, काही कळेना. मला निष्काळजी ठरवायचा हा डाव, दुसरं काय? मी तडक सरांकडे गेले. "ती मुलगी जहाजावर नको. भरवशाची नाही."

सरांनी दोन्ही नावं खोडली.

"माझंही?"

"केबिन दोघींची असते. एकट्या बाईला देत नाहीत. आणि तिसरी बाई आपल्याकडे आहे कुठे?" सुधारलेली यादी माझ्यासमोरच मेलने गेली.

परत येऊन मी रागारागाने एक बाटली उघडली. आत स्पिरिटात कागदाची चिठ्ठी होती. पेन्सिलने, तिच्या अक्षरात, सगळी माहिती. सहाही बाटल्यांत तसंच. स्पिरिटात शाई पुसली जाते, पेन्सिल टिकते, हे पहिल्या आठवड्यात मीच तिला शिकवलं होतं. आणि घाईत मीच पेनाने बाहेर लिहून मोकळी झाले होते. झाकणातून पाझरलेल्या स्पिरिटाने ते धुऊन नेलं. मोठ्या बाईची चूक तोंडावर कशी सांगायची, म्हणून लेबलं पुसली जायच्या आत ती सगळं उतरवून गुपचूप निस्तरत होती. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात ती आली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"मॅडम, बोट लागू नये म्हणून गोळ्या आणल्यात. एक पाकीट तुमच्यासाठी."

मी ते घेतलं.