शनिवारचा डोंगर

मस्कतमधल्या दार्सैतच्या मागच्या डोंगरावर ती मला फक्त शनिवारी संध्याकाळी दिसायची. काळा बुरखा, पायात मुलीचे शाळेतले पांढरे बूट आणि हातात फोन. मुलगी इंग्लंडला शिकायला गेलेली. तिथे सुट्टी शनिवार-रविवार, इथे शुक्रवार-शनिवार; म्हणजे दोघींच्या वाट्याला शनिवार तेवढा एक. मुलगी मैत्रिणींबरोबर तिकडची एखादी टेकडी चढायची, आणि त्याच वेळी फोन चालू ठेवून ही इथला डोंगर.

"नुसते फोटो काय बघायचे, ताई?" पहिल्याच भेटीत ती रत्नागिरीच्या हेलात मला म्हणाली. "पोरीने फिरायचं नि मी सोफ्यावर बसायचं होय?"

पण अर्ध्या वाटेत तिचा दम संपायचा. ती खडकावर बसायची, आणि तिकडे माथ्यावर पोचलेली मुलगी फोनवरून म्हणायची, "अम्मी, आरामात ये. मी वेट करते." तेवढ्यात मुलीच्या परतीच्या बसची वेळ व्हायची, आणि ही तिथूनच मागे फिरायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्यासाठीही ती अम्मीच.

परवाच्या शनिवारी मी माथ्यावर उभी होते. आधी फोन धरलेला हात वर आला, मग ती. खाली अख्खा समुद्र लखलखत होता. तिने फोन गर्रकन फिरवून मुलीला समुद्र दाखवला. फोनमधून पावसाचा आवाज आला आणि मुलीची धाप. मुलगी अजून चढतच होती.

बाहीने घाम पुसत, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात अम्मी म्हणाली, "आरामात ये गो बाय. मी वेट करतंय!"