सावंत मॅडमच्या स्वेटरखालची कादंबरी

मुलुंडकरांनो, घाईघाईत लिहितेय.

मी ज्या वाचनालयात काम करते, तिथल्या ग्रंथपाल सावंत मॅडमना तुम्ही ओळखता. मे महिन्यातही त्यांचा एक स्वेटर अंगावर, एक खुर्चीवर. खुर्चीवरच्या स्वेटरखाली त्यांची आवडती पुस्तकं असतात. माणूस बघून त्या ती हातात ठेवतात. नोंद मात्र करत नाहीत.

पाच वर्षांत कुणीच न नेलेली पुस्तकं रद्दीत काढायचं ठरलंय. कॉम्प्युटरवर बघून यादी मीच केली. त्यात स्वेटरखालची, मिठागरात राबणाऱ्या बाईवरची ती जाड कादंबरीही आली, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

आज दुपारी वाचनालयाच्या सेक्रेटरींनी तो स्वेटर उचलला. "यादीतलं पुस्तक लपवलंत होय, मॅडम?"

मीच म्हटलं, "सर, यादी चुकलीय. मी स्वतः वाचलंय हे."

"नोंदच नाही, तर वाचलं कशावरून?"

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला मेमो द्या, पुस्तक राहू दे."

सेक्रेटरी म्हणाले, "उद्या अकरापर्यंत दहा वाचकांच्या सह्या आणा. नाहीतर रद्दी."

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बारावीनंतर शिक्षण सोडणार होते, तेव्हा मॅडमनी हीच कादंबरी माझ्या हातात दिली होती. आणि मीच तिला यादीत टाकलं.

आत्तापर्यंत एकच सही झालीय, माझी. मॅडमनी ती कादंबरी कधी तुम्हालाही दिली असेल, तर उद्या अकराच्या आत सही करायला याल का?