तिचा कोड मी मोठ्यानं वाचला

आमच्या चळवळीच्या गटात पत्रक छापायला जाण्याआधी एक रीत होती. लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. वाचणारा अडखळेल ती ओळ बदलायची. माझी पत्रकं ती, माझी गटातली मैत्रीण, वाचायची, भिंगारच्या चहाच्या टपरीवर, लष्करी गाड्यांच्या घरघरीवर आवाज चढवून. "किती चिडतेस गं! 'निर्लज्ज' एकदाच पुरे," म्हणायची आणि बाकीचे खोडायची.

आता ती बंगळुरात आहे, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. असली पोरगी जिल्ह्यात राहावी अशी एक नोकरी इथं कुणी उभी केली नाही. तो राग तिच्यावर काढत नाही. ज्यांच्यावर काढायचा त्यांच्यावर पत्रक काढून झालंय.

नेवाशाजवळ आमच्या नदीला मधूनच फेस येतो. तक्रार केली की प्रदूषण मंडळाचे साहेब म्हणतात, पुरावा आणा. साहेबांचा माणूस येईपर्यंत फेस वाहून गेलेला. म्हणून आम्ही पाण्याची नोंद घेणारी पेटी बनवली, बॅटरीवर चालणारी. एरवी पेटीनं झोपायचं, ठरल्या वेळी चिपमधल्या टायमरनं तिला उठवायचं, नोंद घेऊन पुन्हा झोपायचं. पण तो टायमर गजरासारखा वापरायची सोय लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे पेटी चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, नव्हती. चिपशी बोलणारा ड्रायव्हरचा कोड मैत्रिणीनं सुट्टीत बसून वाढवला आणि सगळ्यांना दिसेल अशा मेलिंग लिस्टवर टाकला. तपासायला मी.

मेलमध्ये ती परक्यासारखी इंग्रजीत लिहायची. मी चुका काढायची, ती आभार मानून दुरुस्त करायची. तरी तिची मेल आली की बरं वाटायचं. मग चुका दिसेनाशा झाल्या, पण चाचणीत पेटीची बॅटरी मात्र भलतीच लवकर उतरत होती. शेवटी फोन लावला.

"मी वाचते. तू गप्प बस."

"येडी हायेस का? कोड कुणी मोठ्यानं वाचतं व्हय?"

"पत्रक समज. गप."

मी सरळ मराठीतच सुरू केलं. "झोपताना टायमर लाव. उठवायची परवानगी आहे का बघ. वेळ झाली की उठ. उठल्यावर..."

"उठल्यावर काय?"

"काही नाही. टायमर बंद कर, हे तू लिहिलंच नाहीस. गजर वाजतोच आहे. पेटी झोपली की लगेच उठते."

"तरीच! बिचारीला झोपच न्हाई." ती हसली. मग म्हणाली, "टपरी हाय का अजून?"

"हाय. चहा तसाच पांचट. पेटी बसवायला येशील?"

"सुट्टी न्हाई गं. तू तपासून पास कर, अडवू नकोस."

दुरुस्त कोड आला. मी तो एकटीनं मोठ्यानं वाचला. कुठंच अडखळले नाही. वाटलं, उगाच एखादं खुसपट काढावं, म्हणजे अजून एक मेल येईल. पण नदीचा फेस माझ्यासाठी थांबणार नव्हता. 'तपासलं' म्हणून नाव टाकलं.

पत्रकाखाली आम्ही कधी स्वतःची नावं घातली नाहीत. इथं घालावीच लागतात. वर तिचं, खाली माझं.

पेटी बसवली त्या दिवशी तिला फोटो पाठवला. तिनं पेटीबद्दल काहीच विचारलं नाही. मराठीत लिहिलं, "पाणी किती उतरलंय गं?"

मी लिहिलं, "येऊन बघ."