गुरुवारची यादी

माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मैत्री हडपसरच्या एका डोळ्यांच्या इस्पितळाचा डेटाबेस सांभाळते. चौतीस वर्षांची, मोजकं बोलणारी. काम बहुतेक घरूनच. दुपारी तिची खोली तापते, म्हणून लॅपटॉप घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलाशी येते.

फेब्रुवारीपासून तिचा सर्व्हर अधूनमधून बंद पडू लागला. मेमरी शिल्लक नाही, असा संदेश यायचा आणि केसपेपरच्या रांगेतली माणसं ताटकळायची. तिने मेमरीची मर्यादा वाढवून पाहिली. पुन्हा तेच. तिचे साहेब अभय फोनवर म्हणाले, "मैत्री, इस्पितळ डोळ्यांचं आहे. निदान आपल्याला तरी दिसायला हवं." महिनाअखेरपर्यंत दोष सापडला नाही, तर तिचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार होतं.

"काकू, सर्व्हर पडला की माझा चहा तसाच राहतो. असं कोणकोणत्या दिवशी झालं? तुम्ही रोजचं सगळं डायरीत लिहिता, त्यात असेल. सर्व्हर जुन्या नोंदी पुसून टाकतो."

"मी पुसत नाही," म्हणत मी डायरी काढली. बारा फेब्रुवारी, एकोणीस, सव्वीस, पाच मार्च. सगळे गुरुवार. वेळ सव्वातीन.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी आधीच लॅपटॉपच्या पडद्यासमोर बसलो. सव्वातीनला एक ओळ उमटली आणि मैत्रीचा हात तोंडावर गेला. मेमरी मागणाऱ्याचं नाव होतं रंगनाथ.

"कोण हा?"

"माझ्या आधी हेच काम करायचे. गेले ते, दोन वर्षांपूर्वी."

"नोकरी सोडून?"

"नाही काकू. गेले."

त्यांनी लावून ठेवलेलं काम अजून दर गुरुवारी त्यांच्याच नावाने आपोआप चालत होतं. ऑपरेशननंतर तपासणीला न आलेल्यांची यादी. ते एकेकाला स्वतः फोन करत आणि नाव खोडत. ते गेल्यावर खोडणारं कोणी उरलं नाही. यादी फुगत गेली, इतकी की ती मांडायला सर्व्हरची मेमरी पुरेना.

"काढून टाका ते," अभयसाहेब म्हणाले. मैत्रीने आधी यादी उघडली. नऊ हजारांवर माणसं होती.

तो आठवडा तिला झोप नव्हती. रोज दुपारी सव्वातीनला कोणीतरी खुर्चीमागे येऊन उभं राहतं, असं ती म्हणे. मी तिला हसले नाही. त्या वेळी मलाही तिच्या मागे बघवत नसे.

गुरुवार आला. काम तिने काढलं नव्हतं. एका वेळी वीसच नावं येतील, एवढं बदललं होतं. सव्वातीन वाजून गेले, सर्व्हर चालू राहिला. मग तिने पहिल्या नावाला स्पीकरवर फोन लावला. सासवडकडच्या कुणी सोजरबाई.

"आजी, इस्पितळातून बोलतेय. तुम्ही तपासणीला आला नाहीत."

"रंगनाथसायेब करायचं फोन. लय दिस झालं. बरं हाय ना त्यांचं?"

मैत्रीने पडद्यावर आजींची नोंद उघडली.

"डोळ्यांचं सांगा, आजी."

"उजवा गेला. डाव्यानं उजेड दिसतोय अजून."

"उद्या सकाळी या. मी दारात उभी असेन."

"येते. सायबांना बी सांगा, म्हातारी वाट बघत व्हती."

"सांगते," मैत्री म्हणाली, आणि तिने पुढचा नंबर लावला.