गाडीची झूल

क्षयाच्या इस्पितळातून सुटून मी घरी आलो, तेव्हा बायकोने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. हाताला धरून थेट घराशेजारच्या छपराखाली नेलं. तिथे माझी गाडी उभी होती. मुंबईहून लाँचने धरमतरच्या धक्क्यावर उतरलेली माणसं मी तिच्यातून पेणला पोचवायचो. जुनी विलायती गाडी, काळ्या रंगाची. आमचं पोट तिच्यावर, आणि खरं सांगायचं तर माझा सगळा तोराही तिच्यावरच. इस्पितळात जाताना मी बायकोला बजावलं होतं, "मी नसलो तरी चालेल, गाडीला जपायचं." माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच.

तिने जपलं होतं. मी इस्पितळात गेल्यापासून ती मिठागरावर मीठ वाहायला जात होती. तिथली फाटकी पोती मागून आणून, उसवून, दुहेरी शिवून तिने गाडीला झूल केली होती, बैलाला घालतात तशी. टपापासून चाकांपर्यंत. घुशी शिरू नयेत म्हणून कडा दगडांनी दाबलेल्या. झूल काढताना तिच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

वरून रंग ठीक दिसत होता. मी कौतुकाने मडगार्डवर हात ठेवला आणि अंगठा आत गेला. पत्रा पापडासारखा तुटून पायाशी पडला.

"काय झालं वो?"

"काय होणार? म्हातारी झाली गाडी," मी म्हटलं. "तुझ्यासारखी."

ती हसली. मी तुटलेला तुकडा पायाने गाडीखाली सारला.

दुसऱ्या दिवशी पेणहून पत्र्याचं काम करणारे चाचा आले. त्यांनी मडगार्ड, फुटबोर्ड, दारांच्या खालच्या कडा, सगळं हातोडीने वाजवून पाहिलं. गंजाची खपली जिभेला लावली आणि थुंकून टाकली. "भाऊ, ह्याला मीठ लागलंय," ते म्हणाले, आणि त्यांची नजर भिंतीशी घडी करून ठेवलेल्या झुलीवर गेली. माझीही गेली. पावसाळ्यात मिठाच्या पोत्याला पाणी सुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन पावसाळे ती पोती माझ्या गाडीच्या अंगावर गळत होती.

बायको चहा घेऊन येत होती. मी चाचांचा हात दाबला. "खारा वारा म्हणा," मी कुजबुजलो. "तिला कळता कामा नये. मरून जाईल ती."

चाचांनी लगेच आवाज चढवला, "खारा वारा, वैनी! खाडीकाठी लोखंड टिकतं व्हय?"

काम चाललं तेवढे दिवस मी सुखात होतो, हे आज लिहितानाही गंमत वाटते. चांगला पत्रा लागेपर्यंत कुजका पत्रा छिन्नीने कापत जायचं. जुन्या पिंपाच्या पत्र्यातून ठिगळ बेतायचं. मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडी मारत त्याला मडगार्डची गोलाई आणायची, मग पितळेने सांधायचं. ठोकळा धरायला बायको बसायची, कारण माझ्या छातीत तेवढा जोर उरला नव्हता. प्रत्येक ठोका तिच्या मनगटातून जायचा आणि ती वाऱ्याला शिव्या द्यायची. "मेल्या, माझ्या धन्याची गाडीच दिसली व्हय तुला?" मी आणि चाचा खाली मान घालून हसायचो. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात ना. सांध्यांत लांबीचा लेप भरून, घासून, रंग चढल्यावर ठिगळ कुठे आहे ते मलाही सापडेना.

रंग वाळला त्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन पहिलं भाडं करून आलो. संध्याकाळी गाडी छपराखाली लावतो तर बायको डोक्यावर मोठा गठ्ठा घेऊन घरातून बाहेर आली. मिठागराच्या पोत्यांचीच नवी झूल! मला पत्ता लागू न देता शिवलेली, आणि या वेळी तिपदरी.

"खारा वारा खातो म्हणालात ना? आता बघते मेला कुठनं शिरतो ते."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ती झूल माझ्याच थापेने शिवली होती. घालू द्यावी तर गाडी पुन्हा कुजणार, आणि अंगमेहनतीचं दुसरं कुठलंही काम डॉक्टरांनी मला बंद केलेलं. नको म्हणावं तर कारण काय सांगावं? मी झुलीचं एक टोक हातात घेऊन चाचपलं.

"राहू दे आज," मी म्हटलं. "ओली लागतेय."

"ओली कशी? कडक उन्हात वाळवलीय मी..."

 तिने पोत्यावरून हात फिरवला. संध्याकाळच्या दमट हवेत ते चिकट झालं होतं. ती मिठागरातली बाई, तिला चाखून बघायची गरज नव्हती.

"वारा न्हाय," ती म्हणाली. "मी."

"छे गं, काहीतरीच!" मी म्हटलं, पण ते म्हणायला मला उशीर झाला होता.

ती रडली असती, माझ्यावर खेकसली असती तर बरं झालं असतं. तिने झूल उचलली आणि चुलीपाशी नेऊन टाकली.

त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. दसऱ्याला झेंडूची माळ माझ्या हातात द्यायची आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहायची. मी समजावलं, रागावलो, एकदा तर ओरडलो की गाडी गेली खड्ड्यात, तू बस आधी! त्या गाडीचा मला वीट आला होता. मला माझी हसणारी बायको परत हवी होती, आणि ती काही मिळत नव्हती.

सकाळी मी रिकामी गाडी घेऊन धक्क्याकडे निघायचो तेव्हा ती त्याच रस्त्याने मिठागराकडे चालत असायची. मी गाडी थांबवायचो, दार उघडायचो. "ये, बस. सोडतो." ती दारापासून लांबच उभी राहायची. रंगाकडे बघायची, आणि पदराला दोन्ही तळवे पुसत म्हणायची, "तुमी व्हा पुढं. माझ्या अंगाला मीठ हाय."