तासिकेवरचा सर

देवपुरातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवायचो. सहायक प्राध्यापक, मग सहयोगी, मग प्राध्यापक, अशा पायऱ्या असतात. मी कुठल्याच पायरीवर नव्हतो, मी तासिकेवर. तास झाला तर सर, नाही तर कोण मी? सेट झाली, पीएचडी झाली, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी दर वर्षी त्याच खुर्चीसाठी नव्यानं मुलाखत.

काम सांगताना मात्र भेदभाव नसायचा. पेपर तपासणी, शिबिरं, समितीच्या फायली, सगळ्याला एकच पालुपद, "सर, तुम्ही तरुण आहात, बघा जरा." त्यात गेल्या उन्हाळ्यात घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. भूगोलाला मुलंच येईनात. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "तुकडी भरली नाही तर माझी नोकरी राहील, तुमचे तास जातील. गावोगाव फिरा."

फिरलो. भर उन्हात, मोटारसायकलवर, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. ओट्याओट्यावर विनवण्या केल्या. लाज कधीच विकून खाल्ली होती. शेवटी तुकडीला एकच प्रवेश कमी पडत होता. सकाळी निघताना बायको एवढंच म्हणाली, "आज आणाच."

शिरपूरकडच्या एका गावात बारावी झालेली मुलगी भेटली. नकाशांचं वेड होतं तिला. आई मजुरीला जाणारी. तिनं खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सर, मनी पोर भूगोल शिकनी त तुमनासारखी प्रोफेसर व्हई ना?"

'होईल' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"नर्सिंगला नंबर लागतोय का गं?" मी तिलाच विचारलं.

"लागतोय सर. पण मला तुमच्यासारखं व्हायचंय."

"माझ्यासारखं नको," मी म्हणालो. "नर्सिंगलाच जा, बाई."

आईचं तोंड उतरलं. "का सर, मनी पोर तेवढी हुशार नई का?"

"हुशार आहे, म्हणूनच सांगतो," एवढं बोलून मी गाडीला किक मारली. घरी येऊन जेवलो नाही.

पुढं मुलाखतींची जाहिरात निघाली. तिच्यात भूगोल नव्हता.