आकारामची वेगळी शिट्टी

“सूट कुणी मागितलीती तुमच्याकडं? माझ्या बानं?”

आकारामनं दुधाची किटली कट्ट्यावर अशी आपटली की झाकण उडालं. समोर हंबीरराव वस्ताद. मंगळवार पेठेतल्या तालमीचे कारभारी आणि तालमीच्या सायकल शर्यतीचे पंच. सकाळी आकाराम पेठेत दूध घालत होता, तिथं येऊन ते एवढंच म्हणाले होते, “औंदाबी ये की शर्यतीला. तुला सूट हायच.”

“आरं, तुझ्या भल्यासाठनंच की!”

“माझं भलं करायला माझी म्हस हाय. तुमी करू नगासा.”

आकाराम नदीपलीकडच्या वडणग्याचा. लहानपणी तापात डावा पाय वाळला आणि काठीगत लोंबायला लागला. गावानं ठरवलं, ह्यानं बसून म्हसरं राखावीत. ह्या गड्यानं सायकल शिकली. डावा पाय चामड्याच्या वादीनं पायडलला बांधायचा. तो नुसता फिरायचा, जोर सगळा उजव्याचा. दोन्ही अंगाला किटल्या लटकवून रोज वडणगं ते कोल्हापूर. त्या ओझ्यानं उजवी मांडी अशी तयार झाली की पैलवानानं बघत ऱ्हावं.

एकोणपन्नास साली मिरजेच्या शर्यतीत तो पहिला आला, तेव्हा पायजम्यातला पाय कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. वादी सोडून, लंगडत तो पहिल्या नंबराचा फेटा बांधून घ्यायला गेला आणि पंचांनी आ वासला. पण फेटा बांधला. सांगलीतबी बांधला. राहिलं ते कोल्हापूर. ज्यांच्या दारात रोज दूध घालतो त्यांच्यासमोर फेटा बांधून घ्यायचा, एवढीच त्याची हाव.

पण हितली शर्यत तालमीनं भरवलेली, आणि तालमीला कुस्तीपलीकडचा कायदा ठाऊक न्हाय. कुस्तीत जोड बरोबरीची लागते. लंगड्याला धडधाकटासमोर सोडला तर लोक आपल्या तोंडावर थुंकतील, असं हंबीररावांना वाटलं. मग त्यांनी काय करावं? आकारामला न विचारता त्याला वेगळी शिट्टी लावली. तो आधी सुटणार, बाकीचे मागनं. झाली म्हणे बरोबरी!

पहिल्या वर्षी आकाराम हुपरीला वळसा घालून आला तेव्हा मागं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सूट वजा केली तरी तोच पहिला होता, हे आंधळ्यालाबी कळलं असतं. पण पंच बोलले, “सूट हुती की त्येला!” फेटा मागनं आलेल्या कृष्णातला, तालमीच्याच पोराला. आकारामला नारळ. वर हंबीररावांचं भाषण, की ह्या बिचाऱ्यानं लई जिद्द दाखवली. बिचाऱ्यानं!

पुढच्या वर्षी त्याची शिट्टी वाजली आणि आकाराम जागचा हलला न्हाय.

“पळ की लेका!” लोक वरडले.

हा हँडल धरून तसाच. दुसरी शिट्टी झाल्यावर सगळ्यांबरोबर सुटला आणि सगळ्यांच्या आधी आला. तर पंच म्हणतात, “आपल्या शिट्टीला सुटला न्हाईस. तू बाद.”

आणि आता तेच पंच तिसऱ्यांदा सूट घेऊन समोर उभे.

“सगळ्यास्नी एकच शिट्टी लावा, येतो,” आकाराम म्हणाला.

“आन् हरलास म्हंजी? लोक मला शिव्या घालतील, लंगड्याला दमवून मारला म्हणून.”

“म्हंजी पाय माझा आन् लाज तुमाला व्हय?”

दुधासाठी भांडं घेऊन उभी असलेली तानाबाई फिस्सकन हसली. “वस्ताद, कृष्णात हरंल म्हणून भ्या वाटतंय, तसं सरळ बोला की!”

कट्ट्यावरचे सगळे हसले. हंबीररावांचं तोंड लालभडक झालं. “मग ऱ्हा घरात! मी पंच हाय तवर ह्या शर्यतीत तुझं नाव न्हाय.”

“नगंच मला. दया करून पळवणार आसशीला तर त्या शर्यतीत गाढवं पळवा.”

हंबीरराव तणतणत गेले. आकारामनं तानाबाईच्या भांड्यात दूध ओतलं. रागाच्या भरात अर्धं दूध कट्ट्यावर सांडलं, तर तो तिच्यावरच खेकसला, “बघतीस काय आक्का? भांडं नीट धर की!”

मग पायाची वादी आवळली आणि पुढच्या गल्लीत दूध घालायला गेला.